धोरणात ग्रंथालयाची ओळ: शालेय ग्रंथपालांसाठी पाठपुराव्याची वाट

शालेय ग्रंथालयाच्या विरोधात बोलणारा माणूस शोधूनही सापडत नाही. अधिकारी, लोकप्रतिनिधी, संस्थाचालक, पालक, सगळेच वाचनाच्या बाजूचे. तरीही खर्चाला कात्री लावायची वेळ आली की ग्रंथालयाचे नाव यादीत वर असते, आणि ग्रंथपाल गैरहजर शिक्षकाचा वर्ग सांभाळत असतो. कारण कौतुक तोंडी होते आणि कपात कागदावर होते. जे कागदावर लिहिलेलेच नाही, ते काढून टाकायला कोणाची परवानगी लागत नाही.

म्हणून या कामात नव्याने उतरणाऱ्या ग्रंथपालाने पाठिंब्याच्या मागे धावू नये. मागायची ती एक लिखित ओळ. ती कुठल्या कागदात यायला हवी, कुठल्या कलमात, कोणाच्या सहीने आणि कोणत्या तारखेआधी, एवढे ठरले की निम्मे काम झाले. पुढची सगळी पावले त्या ओळीपर्यंत पोहोचण्यासाठी आहेत.

१. वर्षाला एकच मागणी

शालेय ग्रंथालयाच्या मागण्या बहुधा चार खणांत बसतात. माणूस, म्हणजे प्रशिक्षित आणि पूर्णवेळ ग्रंथपाल. पैसा, म्हणजे दरवर्षी पुस्तकखरेदीची तरतूद. वेळ, म्हणजे वेळापत्रकातली ग्रंथालय तासिका आणि ग्रंथालय प्रत्यक्ष उघडे राहण्याचे तास. चौथा खण निवडीचा: पुस्तके कोण निवडणार आणि कशाच्या आधारे. चारही गोष्टी एका निवेदनात मागितल्या की समोरचा त्यातली सर्वांत स्वस्त उचलतो. एखादे कपाट मिळते, एखादा वाचनदिन जाहीर होतो, आणि ‘मागणी मान्य’ असा शेरा पडून फाइल बंद होते.

पहिल्या वर्षी ‘वेळ’ मागावा, असा आमचा सल्ला. त्याला पैसा लागत नाही, निर्णय मुख्याध्यापकांच्या पातळीवर होऊ शकतो, आणि तासिका नियमित झाली की पुस्तकांच्या देवघेवीचे आकडे वाढतात. पुढच्या वर्षी पैसा किंवा पद मागताना तेच आकडे हाताशी येतात. उलट क्रमाने जाणारे बहुतेक जण पदाच्या मागणीवरच अडकतात, कारण पद हा कुठल्याही सरकारचा सर्वांत जड खर्च. तो एकदा सुरू झाला की दरवर्षी वाढतच जातो.

२. ओळ कुठे लिहिली जाते ते शोधा

‘सरकारने धोरण बदलावे’ असे म्हणणे म्हणजे पत्ता न लिहिता पत्र टाकणे. धोरण एका जागी नसते. कायदा असतो, त्याखालचे नियम असतात, शाळेला मान्यता देण्याचे निकष असतात, कोणत्या शाळेत किती पदे हे ठरवणारा आकृतिबंध असतो, अर्थसंकल्पातले लेखाशीर्ष, म्हणजे ठरावीक खर्चाचे खाते, असते, वेळोवेळी निघणारी परिपत्रके असतात, शाळा तपासणीचा नमुना असतो. सर्वांत खाली शाळेचा स्वतःचा विकास आराखडा आणि वेळापत्रक. कायदा बदलायला वर्षे लागतात, पण बदलला की टिकतो. परिपत्रक महिन्याभरात निघू शकते, आणि साहेब बदलले की विस्मरणातही जाते.

यातला सर्वांत दुर्लक्षित कागद म्हणजे तपासणीचा नमुना. तपासणी अधिकाऱ्याच्या तक्त्यात ‘ग्रंथालय आहे का? होय/नाही’ एवढाच रकाना असेल, तर कुलूपबंद कपाटालाही ‘होय’ मिळते. त्याच जागी ‘गेल्या वर्षी किती विद्यार्थ्यांनी किमान एक पुस्तक घरी नेले?’ असा रकाना आला, तर शाळेला उत्तर द्यावे लागते, आणि उत्तर देण्यासाठी ग्रंथालय उघडावे लागते. अशा एका रकान्यासाठी कायदा लागत नाही, पैसाही लागत नाही.

कागद सापडला की त्यातली क्रियापदे वाचा. ‘करता येईल’ आणि ‘करावे लागेल’ यांत एका पदाचे अंतर असते. अमेरिकेच्या २०१५ च्या शालेय शिक्षण कायद्यात परिणामकारक शालेय ग्रंथालयांचा उल्लेख आला, आणि तिथल्या ग्रंथपालांच्या दृष्टीने ते मोठे यश होते. पण जिल्ह्यांच्या आराखड्यात ग्रंथालयाचा समावेश ‘करता येईल’ असाच होता. परिणामी तीच लढाई राज्याराज्यांत आणि जिल्ह्याजिल्ह्यांत पुन्हा लढावी लागली. भारताच्या २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असतील, असे स्पष्ट लिहिले आहे. त्या ओळीत ग्रंथपाल मात्र नाही. इंग्लंडमध्ये तुरुंगात ग्रंथालय असणे नियमाने बंधनकारक आहे, शाळेत नाही. तिथले कार्यकर्ते ही विसंगती वर्षानुवर्षे लोकांसमोर मांडत आले आहेत, कारण ती एका वाक्यात सांगता येते आणि ऐकणाऱ्याला विसरता येत नाही.

तुमच्याकडच्या कागदातही अशी एखादी फट असते. ती शोधणे हे पहिल्या महिन्याचे काम. कागद संकेतस्थळावर नसेल तर कार्यालयात लेखी मागा. माहिती अधिकारासारखा कायदा असेल तर तो वापरा.

३. आकडे: कमी, पण न हलणारे

नवखे ग्रंथपाल इथे दोन चुका करतात. पहिली, ग्रंथालयात येणाऱ्यांची डोकी मोजणे. पावसात आडोशाला आलेली मुलेही त्यात येतात, आणि हे अधिकाऱ्यालाही कळते. दुसरी आणि जास्त घातक चूक म्हणजे एकूण पुस्तकसंख्या अभिमानाने सांगणे. ‘आमच्याकडे ६,००० पुस्तके आहेत’ म्हटले की निधीची मागणी तिथेच संपते: आहेत की भरपूर!

मोजायचे ते असे. सुरुवात संग्रहाच्या वयापासून करा. सगळी पुस्तके तपासायची गरज नाही. दाखल नोंदवहीतली (आलेले प्रत्येक पुस्तक जिथे क्रमाने नोंदले जाते ती वही) दर तिसावी नोंद घ्या. ६,००० नोंदींतून २०० निघतील. प्रत्येकीसमोर प्रकाशनवर्ष लिहा आणि पुस्तक कपाटात खरोखर आहे का ते पाहा. नोंदवहीत आहे पण कपाटात नाही, पाने सुटली आहेत, अभ्यासक्रम दोनदा बदलून गेला आहे, अशी पुस्तके वेगळी मोजा. वर्षे चढत्या क्रमाने लावली की मधले वर्ष तुमच्या संग्रहाचे खरे वय सांगते. समजा २०० पैकी १२० पुस्तके १५ वर्षांहून जुनी किंवा बेपत्ता निघाली, तर ६,००० चा संग्रह वापराच्या दृष्टीने २,४०० च्या आसपास आहे. दोन जणांचे दोन दिवसांचे काम, आणि निवेदनातला सर्वांत बोलका आकडा त्यातूनच निघतो. त्याआधी कालबाह्य पुस्तके नियमाप्रमाणे बाद करण्याचा प्रस्ताव देऊन ठेवा. जुनी पुस्तके बाद करायला घाबरणारा ग्रंथपाल स्वतःच्याच मागणीच्या विरोधात पुरावा सांभाळत असतो.

देवघेवीची सरासरी एकटी देऊ नका. ६०० विद्यार्थी आणि वर्षाला ९,००० देवघेव म्हणजे प्रत्येकी १५ पुस्तके. कागदावर छान दिसते. पण बहुतेक शाळांत थोडी वाचनवेडी मुले बरीचशी पुस्तके नेतात. म्हणून सोबत दुसरा आकडा द्या: वर्षात एकदाही पुस्तक न नेलेले विद्यार्थी किती. हा आकडा लाजिरवाणा वाटला तरी लपवू नये. निधी यशाला मिळतो तसाच उणिवेलाही मिळतो, फक्त ती उणीव का आहे हे पुढच्या आकड्याने दाखवावे लागते.

तो पुढचा आकडा म्हणजे बंद तासांचा. एक साधी वही ठेवा: तारीख, तासिका, ग्रंथालय बंद राहण्याचे कारण. बदली तास, परीक्षेचे काम, कार्यालयीन काम, सभेसाठी खोली घेतली, जे असेल ते, त्याच दिवशी, विशेषणांशिवाय. एका सत्राअखेरीस उपलब्ध तासिकांपैकी किती टक्के बुडाल्या ते निघते. स्मरणावरून लिहिलेली वही कोणी मानत नाही, रोजची मानतात.

चौथी नोंद सर्वांत सोपी आणि क्वचितच ठेवली जाणारी: मागितले पण मिळाले नाही. विद्यार्थी किंवा शिक्षक जे पुस्तक, जो विषय मागतात आणि तो हाती देता येत नाही, तो लिहायचा. ‘पुस्तके हवीत’ ही मागणी मोघम राहते. ‘या सत्रात ३१० वेळा नाही म्हणावे लागले, त्यात सर्वांत जास्त वेळा अवकाशविज्ञान आणि सोप्या भाषेतली चरित्रे’ असे सांगितले की समोरचा पेन उचलतो. हा ३१० उदाहरणादाखल. तुमचा आकडा तुमच्या वहीतून यावा.

मुलांची नावे कुठेही द्यायची नाहीत. कोणी काय वाचले ही खाजगी बाब आहे. दहापेक्षा लहान गटाचे आकडेही वेगळे काढू नका. लहान शाळेत त्यावरून मूल ओळखता येते.

संशोधनाचा आधार घेताना हात आखडता ठेवा. अमेरिकेच्या कोलोराडो राज्यात कीथ करी लान्स आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये केलेला अभ्यास या क्षेत्रात पायाभूत मानला जातो. सुसज्ज ग्रंथालय आणि पुरेसे कर्मचारी असलेल्या शाळांतले विद्यार्थी चाचण्यांत सरस दिसले, आणि वस्तीची आर्थिक स्थिती लक्षात घेतल्यावरही तो फरक उरला. त्यानंतर अनेक राज्यांत तसेच अभ्यास झाले. मात्र हे परस्परसंबंधाचे अभ्यास आहेत. ‘ग्रंथपालामुळे गुण वाढतात’ असे लिहाल तर वित्त विभागातला पहिलाच जाणकार ते वाक्य खोडून काढेल, आणि सोबत तुमचे उरलेले पानही. ‘संबंध सातत्याने आढळतो’ एवढेच लिहा, तेवढे पुरते.

४. खर्च तुम्हीच काढून द्या

‘पुरेसा निधी’ ही मागणी नव्हे. तिला बेरीज लागते. एक आधार असा: इफ्ला (ग्रंथालयांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) आणि युनेस्को यांच्या २००२ च्या शालेय ग्रंथालय मार्गदर्शक सूचनांत प्रतिविद्यार्थी दहा पुस्तके हा वाजवी संग्रह धरला होता, लहानात लहान शाळेतही किमान २,५०० साहित्य असावे असे म्हटले होते, आणि साहित्याचा खर्च वेतन वगळता प्रतिविद्यार्थी शैक्षणिक खर्चाच्या किमान पाच टक्के असावा असा निकष होता. या सूचनांची दुसरी आवृत्ती २०१५ ची आहे. चर्चेत दोन्ही जवळ ठेवा, पण तुमच्या देशाचे किंवा राज्याचे स्वतःचे निकष असतील तर आधी ते. परदेशी निकषाला ‘आपल्याकडे लागू नाही’ म्हणता येते, स्वतःच्याच निकषाला म्हणता येत नाही.

मग हिशेब. प्रतिविद्यार्थी दहा पुस्तके आणि एका पुस्तकाचे वापरातले आयुष्य दहा वर्षे धरले (विज्ञान आणि संगणकाची पुस्तके लवकर जुनी होतात, लाडक्या गोष्टींची लवकर फाटतात, काही संदर्भग्रंथ बरीच वर्षे चालतात), तर संग्रह आहे तिथेच ठेवायलाही दरवर्षी दहावा भाग बदलावा लागतो. म्हणजे दर विद्यार्थ्यामागे दरवर्षी एक नवे पुस्तक. या वाक्याला तक्ता लागत नाही. पालकसभेत ते सांगता येते, वार्ताहराला सांगता येते, जिन्यात भेटलेल्या अधिकाऱ्याला सांगता येते. त्याला सध्याच्या सरासरी किमतीने आणि विद्यार्थीसंख्येने गुणा. शेवटच्या वर्षाच्या बिलांवरून सरासरी काढा, अंदाजाने नको.

५. एक पान

निवेदन एका पानाचे. सर्वांत वर मागणी, एका वाक्यात, आणि ती जशी कागदात यायला हवी तशाच शब्दांत. त्याखाली सद्यस्थितीचे तीन आकडे. मग विद्यार्थ्यांचे नेमके काय अडते ते दोन-तीन वाक्यांत, नंतर खर्च आणि तो कोणत्या लेखाशीर्षातून भागू शकतो, आणि शेवटी वर्षभरानंतर कोणता आकडा दाखवून तुम्ही हिशेब द्याल. हा शेवटचा भाग बहुतेक जण गाळतात. पण पैसा देणाऱ्यालाही वर उत्तर द्यायचे असते. ते उत्तर तयार करून दिले की त्याचे निम्मे काम होते.

वाचनाचे महत्त्व सांगणारा परिच्छेद काढून टाका. ज्याला ते पटलेले आहे त्याला गरज नाही, आणि ज्याला नाही त्याला एका परिच्छेदाने पटणार नाही. थोरांची वचनेही नकोत.

६. बोलणारे तोंड कोणाचे

ग्रंथपालाने ग्रंथपालाचे पद मागितले की ती सेवाविषयक मागणी ठरते. तेच पालकाने मागितले तर तो शिक्षणाचा प्रश्न होतो. हे अन्यायाचे वाटेल, पण तसेच चालते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात स्पोकेन शहरातल्या शाळांनी २००७ मध्ये ग्रंथपालांचे तास कापले, तेव्हा तीन आयांनी सह्यांची मोहीम सुरू केली. त्या ग्रंथपाल नव्हत्या आणि राजकारणीही नव्हत्या. २००८ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने शालेय ग्रंथालयांसाठी ४० लाख डॉलर मंजूर केले, तेही एकदाच देण्यासाठी. त्याहून मोलाचे पाऊल पुढच्या वर्षी पडले: राज्याने मूलभूत शिक्षणाची व्याख्या नव्याने केली, तेव्हा शिक्षक-ग्रंथपाल तिच्यात धरला गेला. एक रकमी पैसा आणि कायमची ओळ यांतला फरक या दोन वर्षांत स्पष्ट दिसतो.

तुमच्या बाजूने बोलणारे चार-पाच जण हवेत: एक-दोन पालक, भाषेबाहेरचा एखादा शिक्षक (विज्ञानाच्या किंवा समाजशास्त्राच्या शिक्षकाने ग्रंथालय मागितले की त्याचे वजन वेगळे), माजी विद्यार्थी, आणि जमल्यास सार्वजनिक ग्रंथालयातले कोणी. प्रत्येकाला एकच मुद्दा आणि दोन मिनिटे. सगळ्यांनी तेच ते बोलले की ऐकणारा दुसऱ्यानंतर घड्याळ पाहतो. विद्यार्थ्यांना नेत असाल तर पालकांची लेखी संमती घ्या आणि भाषण पाठ करून घेऊ नका; पाठ केलेले लगेच कळते, आणि मुलांना पुढे करून मागणी रेटल्याचा ठपका तुमच्यावर येतो.

निर्णय कोण घेतो याबरोबरच टिपण कोण लिहितो हेही शोधा. मोठे साहेब सही करतात. वाक्य घडवतो तो टेबलावरचा कर्मचारी. त्याला आयते, वापरता येण्याजोगे वाक्य आणि योग्य कलम क्रमांक मिळाला तर ते जसेच्या तसे वर जाण्याची शक्यता बरीच असते.

७. सेवानियम आधी, उत्साह नंतर

सरकारी किंवा अनुदानित शाळेतल्या कर्मचाऱ्यावर वर्तणुकीचे नियम असतात: वृत्तपत्रांशी बोलणे, निदर्शने, राजकीय प्रचार, वरिष्ठांना डावलून केलेला पत्रव्यवहार. खाजगी शाळेत करारपत्र पाहावे. हे वाचल्याशिवाय एकही पत्र पाठवू नका. चांगल्या मागण्या मुद्द्यावर क्वचित हरतात. मागणाऱ्याला नोटीस निघते आणि चर्चा तिथेच वळते.

सुरक्षित वाट अशी. माहिती देणे हे तुमच्या कामाचा भाग आहे: अहवाल, आकडे, ग्रंथालयाची भेट. मागणी करणे हे शक्यतो संघटनेच्या नावाने किंवा पालकांच्या बाजूने व्हावे. तुमच्या सहीचे पत्र असेल तर ते योग्य मार्गाने, म्हणजे मुख्याध्यापकांमार्फत. शाळेचे पत्रशीर्ष, शाळेचे छपाईयंत्र, शाळेने जमवलेले पालकांचे दूरध्वनी क्रमांक आणि शाळेचे अधिकृत व्हॉट्सॲप गट यांपैकी काहीही मोहिमेसाठी वापरायचे नाही. कोणत्याही पक्षाच्या व्यासपीठावर जाऊ नका. सर्व पक्षांना तेच पान, त्याच दिवशी. निवडणुकीच्या काळात तर विशेष जपून.

८. वेळ साधणे

अर्थसंकल्प सादर होतो त्या दिवशी मागणी करणे म्हणजे पंगत उठल्यावर पान मांडणे. विभागांकडून प्रस्ताव कित्येक महिने आधी मागवले जातात. तुमच्या पातळीवर ती तारीख कोणती हे लेखा शाखेत विचारा, आणि तिथून मागे मोजा: प्रस्तावाच्या एक महिना आधी निवेदन, त्याच्या एक महिना आधी भेट, आणि त्याआधी किमान एका सत्राचे आकडे. म्हणजे तयारी जवळजवळ वर्षभर आधी सुरू होते.

नव्या धोरणाचा किंवा नियमांचा मसुदा हरकती आणि सूचनांसाठी खुला होतो, तेव्हा मुदत थोडी असते आणि सूचनांचा ढीग मोठा. त्या ढिगात ‘ग्रंथालयांकडे लक्ष द्यावे’ या वाक्याचे काहीच होत नाही. सूचना चार भागांत द्या: कलम क्रमांक, सध्याचा मजकूर, सुचवलेला मजकूर, कारण. उदाहरणार्थ, सध्याचा मजकूर ‘शाळेत ग्रंथालय असावे’. सुचवलेला मजकूर ‘प्रत्येक शाळेत शाळेच्या वेळेत विद्यार्थ्यांसाठी खुले राहणारे ग्रंथालय असेल, आणि प्रत्येक वर्गाच्या वेळापत्रकात दर आठवड्याला किमान एक ग्रंथालय तासिका असेल’. कारण तीन ओळींत. मजकूर तयार असला की समितीला फक्त स्वीकारायचे किंवा नाकारायचे राहते. संघटनेच्या सर्व सदस्यांनी एकच छापील पत्र पाठवले, तर ती एकच सूचना म्हणून मोजली जाण्याचा धोका असतो. मजकूर सारखा ठेवा, कारणात ज्याने त्याने आपल्या शाळेचे आकडे घाला.

९. भेट

पंधरा मिनिटे मिळाली असतील तर पाचची तयारी करा. तिघांनी जावे: एकाने मागणी मांडायची, एकाने विद्यार्थ्यांचा अनुभव सांगायचा, तिसऱ्याने फक्त टिपून घ्यायचे. एका पानाच्या तीन प्रती न्या, एक साहेबांना, एक टेबलासाठी, आणि आवक शिक्का मारलेली पोच तिसऱ्या प्रतीवर घ्या. जाडजूड फाइल नेऊ नका. ती ‘नंतर वाचतो’ म्हणून बाजूला ठेवली जाते.

शेवटी हो-नाहीत न संपणारा प्रश्न विचारा: ‘ही ओळ मसुद्यात यायला पुढे कोणाची मान्यता लागेल, आणि त्यांच्यापर्यंत फाइल कधी जाईल?’ ‘बघू’ हे उत्तर या प्रश्नाला देता येत नाही. त्याच दिवशी आभाराचे दोन परिच्छेदांचे पत्र पाठवा, त्यात भेटीत जे ठरले ते लिहा. पुढे कोणी ‘असे काही बोलणे झाले नव्हते’ म्हटले तर तेवढा एकच कागद उपयोगी पडतो. नंतर महिन्यातून एकदा पाठपुरावा, दर वेळी एखादी नवी माहिती घेऊन.

अधिकाऱ्याला ग्रंथालयात बोलवायचे तर साध्या दिवशी बोलवा. समारंभाच्या दिवशी त्याला सजावट दिसते, स्वागत होते, भाषणे होतात. पुस्तक हातात घेऊन बसलेले मूल दिसत नाही.

१०. ठरलेल्या आक्षेपांना उत्तरे

‘आता सगळे इंटरनेटवर आहे.’ माहिती आहे. ती पारखायला कोण शिकवणार हा प्रश्न आहे. खोट्या बातम्या, कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला मजकूर, स्रोत तपासणे या गोष्टी वेळापत्रकात कोणाच्या वाट्याला आहेत ते विचारा. शिवाय प्रत्येक मुलाकडे स्वतःचे उपकरण आहे का, हेही विचारावे.

‘वर्गात पुस्तकांची पेटी ठेवू.’ जरूर ठेवावी, पण पेटीतली पुस्तके वर्षभर तीच राहतात, आणि त्यांची नोंद, दुरुस्ती, अदलाबदल कोणाकडे नसेल तर हळूहळू नाहीशी होतात. पेटी ही ग्रंथालयाची शाखा म्हणून चालते, ग्रंथालयाऐवजी नाही.

‘शिक्षकच सांभाळतील’ हा आक्षेप खरा अवघड, कारण तो वरवर काटकसरीचा दिसतो. त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा कामांची यादी वेळेसह मांडा: निवड आणि खरेदी, दाखल करणे, वर्गीकरण, देवघेव, परत न आलेल्यांचा माग, दुरुस्ती, वर्षाची पडताळणी, वर्गांसाठी तासिका, शिक्षकांना संदर्भ पुरवणे. आठवड्याचे तास लिहा. मग विचारा, हे तास कोणत्या शिक्षकाच्या अध्यापनभारातून कमी होणार? लेखी उत्तर मागितले की बहुधा दोनांपैकी एक होते: तास खरोखर कमी करून मिळतात, म्हणजे अर्धे पद मिळालेच, किंवा प्रस्ताव मागे घेतला जातो. पोर्तुगालने १९९६ मध्ये शालेय ग्रंथालयांचे राष्ट्रीय जाळे उभारायला सुरुवात केली, तरी शिक्षक-ग्रंथपाल हे स्वतंत्र काम नियमात येईपर्यंत २००९ उजाडले. शिक्षकाकडे ग्रंथालय द्यायचेच असेल तर त्याच्या वेळेसह द्यावे, हा त्यातला मुद्दा इथे वापरण्याजोगा आहे.

११. निवडीचे धोरण वाद होण्याआधी

एखाद्या पुस्तकावर तक्रार आली की त्या आठवड्यात नियम बनवता येत नाहीत. जो मोठ्याने बोलतो त्याचे होते. म्हणून शांततेच्या काळात शाळेकडून दोन पानांचे लेखी धोरण मंजूर करून घ्या. त्यात पुस्तके निवडण्याचे निकष, निवड करणारी समिती, भेट आलेल्या पुस्तकांबाबतचा नियम (भेट म्हणजे स्वीकार नव्हे, हे इथेच लिहावे) आणि तक्रारीची पद्धत हवी. तक्रार ठरलेल्या अर्जावरच घ्यायची. त्यात पुस्तक पूर्ण वाचले का, नेमका कोणता भाग खटकला, आणि आपल्या मुलापुरता निर्णय हवा की सर्वांसाठी, असे प्रश्न असावेत. निर्णय होईपर्यंत पुस्तक कपाटातच राहील आणि निर्णय अमुक दिवसांत लेखी कळवला जाईल, ही दोन वाक्ये सर्वांत महत्त्वाची. आधार लागला तर संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेची कलमे १३ आणि १७ मुलांच्या माहिती मिळवण्याच्या हक्काविषयी आहेत.

१२. आदेश निघाल्यावर

आदेश हाती आला की आधी तीन गोष्टी वाचा: तो कधीपासून लागू, खर्च कोणत्या लेखाशीर्षातून, आणि अंमलबजावणीचा अहवाल कोणी कोणाला द्यायचा. तिसरी गोष्ट नसेल तर लगेच दुरुस्तीपत्र मागा. अहवाल मागितला जात नसेल तर बहुतेक कार्यालये आदेश फाइलला लावून ठेवतात.

पैशाचा आदेश असेल तर बहुधा तो आर्थिक वर्ष संपता संपता येतो आणि ‘इतक्या दिवसांत खर्च करा, नाहीतर परत जाईल’ अशी घाई सुरू होते. त्या घाईत पुरवठादाराची तयार यादी मंजूर होते, आणि मुलांनी कधीच न मागितलेल्या पुस्तकांनी कपाटे भरतात. पुढच्या वर्षी तीच न हललेली पुस्तके दाखवून निधी नाकारला जातो. यावरचा उपाय आधीच करून ठेवायचा: ‘मागितले पण मिळाले नाही’ या वहीतून तयार केलेली खरेदीयादी, प्रकाशक, आवृत्ती, किंमत आणि आयएसबीएनसह, मिळणाऱ्या रकमेच्या दीडपट लांबीची आणि प्राधान्यक्रम लावलेली. दर सहा महिन्यांनी ती ताजी करायची आणि निवड समितीची सही घेऊन ठेवायची. निधीचे पत्र दुपारी आले तर खरेदीचा प्रस्ताव त्याच संध्याकाळी मुख्याध्यापकांच्या टेबलावर असला पाहिजे.